दुखण्याचं सोंग

साताऱ्यातल्या आमच्या पेठेच्या गणेशोत्सवात मी गेली वीस वर्षं मरतो आहे. कधी राजा म्हणून, कधी दारुडा म्हणून, एकदा तर पोस्टमन म्हणूनही मेलो. सगळ्यांत लांबलेलं मरण अकरा मिनिटांचं होतं. पुढच्या रांगेतले नगरसेवक तेव्हा घड्याळ बघत होते, असं माझी बायको सांगते. पण त्याच रांगेत पांढरं पातळ नेसलेल्या, मांडीवर काळी छत्री आडवी ठेवलेल्या एक पाहुण्या बाईही होत्या. प्रयोग संपल्यावर त्या पडद्यामागे आल्या आणि म्हणाल्या, "मरता बरं. पण मला तेवढं नको आहे. नुसतं आजारी पडता येईल का?"

त्या सिस्टर सगुणा. मिरजेच्या एका दवाखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्त झाल्यावर जास्त काम करणाऱ्या. सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात, जिथं डॉक्टर जात नाही, तिथल्या वाड्यांमधून एकेक बाई निवडून त्या तिला शिकवत: जुलाब कसे थांबवायचे, बाळंतिणीला काय बघायचं, ताप कुठला आणि खोकला कुठला, कातडीवरचा कुठला डाग साधा आणि कुठला महारोगाचा. शेवटी मिरजेत परीक्षा. पास होणाऱ्या बाईला औषधांची पांढरी पत्र्याची पेटी मिळे, आणि त्या वाडीला दवाखाना मिळाल्यासारखं होई. अडचण एकच. रोगी काही वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. म्हणून सिस्टरना असा माणूस हवा होता, की जो सोमवारी जुलाबानं हैराण होईल आणि मंगळवारी खोकेल.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवतो. मे महिन्याची सुट्टी होती. इतकी मोठी भूमिका मला कुणी दिली नव्हती.

साताऱ्याहून औंध

बरोबर वळकटी, रंगभूषेची पेटी आणि बायकोनं बांधून दिलेल्या दशम्या. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. स्थळ सांगलीचं, हळदीचे व्यापारी, पत्रिका जुळलेली. परतताना सांगलीला उतरून पुढची बोलणी करून यायचं, हे बायकोनं दारात तीनदा बजावलं. चौथ्यांदा म्हणाली, "आणि तिथं सोंगं करू नका."

औंधला सिस्टरची जीप भेटली. जीप त्या स्वतः चालवत, आणि रस्त्यात आडव्या येणाऱ्या म्हशीशी अतिशय सभ्यपणे बोलत. यमाईच्या डोंगरावर जाऊन येतो म्हटलं, तर त्याही छत्री उघडून निघाल्या. "सिस्टर, तुम्ही ख्रिस्ती ना?" मी विचारलं. "देवी तुमची," त्या म्हणाल्या, "पायऱ्या सगळ्यांच्या."

वर पोचेपर्यंत माझा सदरा पिळून काढावा इतका भिजला. तिथून मुलूख दोन तुकड्यांत दिसतो. पश्चिमेला लांब कुठेतरी उसाचे हिरवे पट्टे, पूर्वेला भाजलेल्या भाकरीसारखी जमीन. सिस्टरनी छत्रीच्या टोकानं दाखवलं. "हिरवं आहे तिथं डॉक्टर आहेत. हे तपकिरी आहे, इथं आपण."

वाडी

वाडीचं खरं नाव छापत नाही. का ते पुढं कळेल. माणदेशातली धनगरांची वाडी. दगडमातीची घरं, चार लिंब, पुष्कळ बाभळी आणि एक खोलीची पत्र्याची शाळा. पुरुष मेंढरं घेऊन पश्चिमेला गेलेले. पावसाच्या तोंडावर ते परततात. वाडीत उरलेल्या बायका, म्हातारे आणि कोकरं. सहा वाड्यांतल्या सहा बायका शाळेत शिकायला जमल्या होत्या.

पहिल्या दिवशी मी जुलाबाचा रोगी झालो. काहीही हातचं राखलं नाही. लोळलो, विव्हळलो, डोळे पांढरे केले. बायकांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले तरी हसू आवरेना. एक मात्र हसली नाही. चाळिशीची, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेली, हातातल्या चातीवर लोकरीचं सूत काढत बसलेली. ती उठली, माझी पापणी वर करून बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि सिस्टरना म्हणाली, "ह्यास्नी काय बी झालं न्हाई. मगाशी तीन भाकरी खाल्ल्यात."

"तानूबाई, समजा झालंय," सिस्टर म्हणाल्या.

"समजा म्हंजी?"

"म्हणजे धरून चालायचं."

"मेंढरात आसं धरून चालत न्हाई, बाई. आजारी नसल्यालं मेंढरू आजारी म्हनून कळपाभाईर काढलं, तर ते भाईर ऱ्हाऊन खरंच मरतंय."

सिस्टर संध्याकाळी मला म्हणाल्या, की सहा जणींत हिचा हात सगळ्यांत शहाणा आहे, आणि हीच नापास होणार. मिरजेची परीक्षा सगळी 'समजा'वरच चालते.

खाण्याचे मात्र हाल झाले नाहीत. सकाळी हुलग्याचं माडगं. आमच्याकडे हुलगे घोड्याला घालतात, आणि इथं मी घोड्याच्या उत्साहानं दोन वाडगे प्यायलो. मग बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. सगळे गोल बसत, मधे मोठी परात, तिच्यात सगळ्यांचे हात. मलाही त्यात घेतलं. आजाऱ्याशी वागायची रीतही निराळी. साताऱ्यात कुणी आजारी पडलं, की शेजारी मोसंबी घेऊन येतात आणि रोगी थकेपर्यंत बसतात. इथं बाज सावलीत ओढतात आणि एक बाई उशाशी बसून राहते. बोलत नाही.

पण सगळ्या आजाऱ्यांच्या उशाशी कुणी बसत नव्हतं, हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं.

ओढ्याच्या तालीपलीकडे, म्हणजे मातीच्या बांधापलीकडे, एक खोपट होतं. तानूबाई फडक्यात भाकरी घेऊन तिकडे निघाली, म्हणून मी गप्पा मारत बरोबर गेलो. तालीजवळ एक सपाट दगड होता. तिनं त्यावर भाकरी ठेवली आणि दहा पावलं मागं आली. मग खोपटातून एक माणूस बाहेर आला. उंच, सडपातळ, डोक्याला तांबडं मुंडासं. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली.

"माजा दीर, बिरा," तानूबाई म्हणाली. "डाग उटला तवा पंचांनी भाईर काढला. हिरीवर यायचं न्हाई, परातीत जेवायचं न्हाई. तालुक्याला गोळ्या मिळत्यात म्हनून दोनदा गेला, तर एसटीत लोकं चढू देईनात. चालून चालून पायाला जखमा झाल्या, त्या त्येला कळल्याच न्हाईत." हातातली चाती फिरतच होती. "पेटी मिळाली, की गोळ्या हितं येत्याल. मी द्येनार. आन सिस्टर समद्या वाडीम्होरं सांगनार हायती, की गोळी चालू झालेल्या मानसाला घरात घ्या. म्हनून मी शिकाय आली. मला दुसरं काय बी नगं."

बिरानं मला बघून खोपटातून पितळेचा लखलखीत लोटा आणला, पाण्यानं भरून दगडावर ठेवला आणि स्वतः मागं सरला. "पाव्हनं, लांबनं आलासा. पानी घ्या."

मी तहानलेला होतो. मी म्हणालो, "आज माझा निर्जळी उपास आहे."

सकाळी दोन वाडगे माडगं पिताना मला अख्ख्या वाडीनं पाहिलं होतं. बिरा हसला. "बरं बरं," म्हणाला, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून लोटा बाभळीच्या बुडाशी हळूहळू ओतला. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते गाळलं तर पुढचं काहीच लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डागाचा धडा होता. मी रंगपेटी उघडून डाव्या खांद्यावर एक सुरेख डाग रंगवला. कडेला तांबूस, मध्ये फिकट. माझ्या सगळ्या चित्रांत तो सरस होता. पत्र्याखाली उघडा बसलो. सिस्टरनी कोंबडीचं पीस घेऊन दाखवलं: रोग्यानं डोळे मिटायचे, पिसाचा स्पर्श जिथं कळेल तिथं बोट ठेवायचं. डागावर कळलं नाही, तर तो महारोगाचा. मी डोळे मिटून इमानानं सगळीकडे बोट ठेवत गेलो आणि रंगवलेल्या डागावर बधिर झालो. पाच जणी पास झाल्या.

तानूबाईची पाळी आली. तिनं पीस कानामागं खोचलं. मग माझ्या पाठीवर फुंकर मारली. मेंढीची लोकर अशीच फुंकून दुभंगतात आणि आतली कातडी बघतात. फुंकर, मग बोटं, पुन्हा फुंकर. बराच वेळ ती मागं उभी होती. मला गुदगुल्या होत होत्या आणि मी त्यावर एक विनोद तयार ठेवला होता. पण ती "झालं" एवढंच म्हणून जाग्यावर जाऊन बसली.

मी मेंढरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर रंग धूत होतो, तेव्हा ती आली.

"मास्तर, एक सांगू?"

"सांगा की."

"रंगीवल्याला डाग घामानं वगाळला. पर उजव्या फऱ्याखाली दुसरा हाय. रुपायायेवढा. समदी पाठ घामानं वली, त्यो तेवढा कोरडा. फुंकर मारली तर काटा येईना. माजं बोट किती येळ तितं हुतं, तुमास्नी कळलं न्हाई."

"जुना भाजल्याचा डाग असेल."

"आसंल."

"सिस्टरना बोललात?"

"तुमचं आंग. तुमास्नी न इचारता कशाला बोलू?"

"नका बोलू. शब्द द्या."

"दिला," ती म्हणाली. "पर तुमी सोता बोला, मास्तर. बिरा बी सालभर भाजल्याचाच म्हनत हुता."

म्हसवड

दोन दिवसांनी सिस्टर रॉकेल आणि मीठ-साखर आणायला म्हसवडच्या बाजाराला निघाल्या. मी सिद्धनाथाच्या दर्शनाला येतो म्हणून जीपमध्ये बसलो. देऊळ सोडून आधी गेलो ते न्हाव्याच्या दुकानात, कारण तिथं समोरासमोर दोन आरसे होते.

सदरा काढून मी पाठ पाहिली. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. डाग होता. रंगवायला सांगितला असता तर मी इतका साधा रंगवला नसता.

"मालक," मी न्हाव्याला म्हटलं, "मी डोळे मिटतो. तुम्ही दाढीचा कोरडा ब्रश पाठीवर अलगद टेकवायचा. मी मोजतो."

"ह्यो कंचा खेळ म्हनायचा?"

"शाळेतल्या मुलांना शिकवायचाय."

बाकावरच्या गिऱ्हाइकांनी मान वर केली. न्हावी मन लावून खेळला. मग म्हणाला, "हं, किती झालं?"

"चार."

"चार? मास्तर आन मोजाय चुकता व्हय? सात येळा टेकीवला की. तीन येळा तर एकाच जागी, ह्यो हितं खाली."

सगळे हसले. मीही हसलो. तेवढं मला येतं.

देवळाच्या ओवरीत जाऊन बसलो. वीस वर्षं मी लोकांसमोर मरत आलो, आणि दर वेळी पडदा पडल्यावर उठून चहा प्यायलो. आता कुणीही बघत नव्हतं आणि उठून चहा प्यायचं सुचत नव्हतं. सांगलीचे व्याही डोळ्यांपुढं आले, शाळेतले पालक आले, मुलगी आली. आणि सारखा दिसत होता तो दगड. माझ्यासाठी साताऱ्यात असा दगड कुठं ठेवतील? अंगणात तुळशीपलीकडे जागा होती. मी ती जागा मनात नक्की केली आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण त्या दगडावरचा लोटा आठवला.

परतताना सिस्टर म्हणाल्या, "चेहरा उतरलाय. तब्येत बरी नाही का?"

"सराव करतोय," मी म्हणालो.

मी ठरवलं होतं. परीक्षा होऊ दे, सांगलीची बोलणी होऊ देत, लग्न होऊ दे. मग एखाद्या लांबच्या शहरात, जिथं कुणी ओळखत नाही, तिथं डॉक्टर गाठू.

मिरज

मिरजेला आम्ही आटपाडी, कवठेमहांकाळवरून गेलो. जसजसं खाली जावं तसतशी बोलण्यात कानडी मिसळत जाते आणि चहात साखर वाढत जाते. परीक्षेला अवकाश होता म्हणून मी तंबोऱ्यांच्या गल्लीत शिरलो. एक कारागीर भोपळ्यावर बोटानं टिचकी मारत कान लावून बसला होता. "आत बारीक चीर असली तर बाहेरनं दिसत नाही," तो म्हणाला, "पण ऐकू येतं." मी नमस्कार करून निघालो. त्या दिवशी सगळं गाव मलाच बोलतंय असं वाटत होतं.

परीक्षा एका दवाखान्याच्या जुन्या दालनात होती. परीक्षक तरुण डॉक्टर, इस्त्रीचा सदरा, मनानं चांगले, नियमानं कडक. पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. जी निघेल ते दुखणं मी करायचं आणि बाईनं ओळखून उपाय सांगायचा. तानूबाईला जुलाब निघू देत, म्हणून मी यमाईला साकडं घातलं.

तिनं चिठ्ठी काढून सिस्टरकडे दिली, कारण तिला वाचता येत नव्हतं. सिस्टरनी वाचलं, "कातडीवरचा डाग."

मी आत जाऊन खांदा रंगवून आलो. या वेळी उजवी बाजू भिंतीकडे करून बसलो. तानूबाई जवळ आली. तिनं खांद्याकडं बघितलं, फुंकरही मारली नाही.

"ह्यो डाग न्हाई. रंग हाय."

डॉक्टर हसले. "ते आम्हालाही माहीत आहे, बाई. समजा, हा डाग आहे. बधिर आहे. आता बोला, कसला?"

"न्हाई म्हननार."

"का?"

"सायेब, ताप म्हना, खोकला म्हना, समजा म्हनून म्हनंन मी. आता तेवढं शिकले. पर एकदा डाग म्हनलं, की मानूस घराभाईर जातो. ती गोष्ट म्या बगितली हाय. नसल्याला डाग हाय म्हनून माज्या तोंडातनं येनार न्हाई."

"अहो, ही परीक्षा आहे."

"व्हय की."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिलं. या भागात डाग ओळखणं हा सक्तीचा प्रश्न आहे, ते म्हणाले, त्याला गुण दिल्याशिवाय पेटी देता येत नाही. सिस्टर पुष्कळ बोलल्या. बाईंचा हात मी पाहिला आहे, म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "हात दिसायला हवा ना. पुढच्या वर्षी पुन्हा बसू दे."

"पुढल्या साली कवा?" तानूबाईनं विचारलं.

"याच सुमाराला."

"तवर बोटं ऱ्हात्यात का वो, औषिदाबिगर?"

"कुणाची?"

"हाय एकाची," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून दाराकडं वळली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. तेच वाईट होतं. तिच्या हातात खरा डाग होता. एक बोट उचललं असतं तर पेटी तिची होती. दिलेल्या शब्दापायी ती दिराच्या गोळ्या सोडून चालली होती. आणि तो शब्द घेणारा मी तिच्या डोळ्यांदेखत खांद्याला रंग फासून, अंग चोरून भिंतीशी बसलो होतो.

सगळं दालन माझ्याकडं बघतंय असा प्रवेश आयुष्यात एकदा मिळावा, असं मला नेहमी वाटे. मिळाला तेव्हा आवाज मागच्या रांगेपर्यंत काय, डॉक्टरांपर्यंतही नीट पोचला नाही.

"डॉक्टर, बाईंना दुसऱ्या डागाचं विचारा."

"दुसरा कुठला? परीक्षेत एकच आहे."

"तो परीक्षेतला नाही." मी उठून पाठ फिरवली. "तानूबाई, शब्द परत देतो. दाखवा."

ती दारातून मागं आली. "बगा हं, मास्तर."

"बघितलं."

तिनं आधी पदराच्या टोकानं माझ्या खांद्यावरचा रंग पुसला. "घोटाळा नगं," म्हणाली. मग उजव्या फऱ्याखाली बोट ठेवलं. ते मला कळलं नाही. डॉक्टरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, त्यावरून समजलं. पीस झालं, टाचणी झाली. टाचणीच्या वेळी मी ओरडायचं विसरलोय असं मला वाटलं, पण विसरलो नव्हतो.

कुणी हसलं नाही. सिस्टरनी छत्री दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

डॉक्टर समोर येऊन बसले. डाग एकच आहे, लवकर सापडला आहे, म्हणाले. तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही, पण गोळी काही वर्षं चुकवायची नाही. मग तानूबाईकडं वळले. "बाई, कशावरून ओळखलंत?"

"समदी पाठ वली, त्यो कोरडा. आन फुंकरल्यावर कातडं उटत न्हाई."

डॉक्टरांनी तिला पुन्हा करून दाखवायला सांगितलं, मग बाकीच्या पाच जणींना. तासभर मी स्टुलावर बसून होतो आणि सहा बायका पाळीपाळीनं माझ्या पाठीवर फुंकर मारत होत्या. संवाद नसलेली भूमिका मी पूर्वी कधी स्वीकारली नव्हती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहून त्याखाली सही केली. सिस्टरनी तो कागद तानूबाईला दाखवला. तिनं उलटसुलट बघितला आणि विचारलं, "गोळ्या किती घालनार पेटीत? आता दोघांच्या पायजेत."

सांगली

दुसऱ्या दिवशी सांगलीला गेलो. व्याह्यांच्या घराला हळदीचा वास होता, गाद्यागिरद्यांनासुद्धा. मी सोंग केलं नाही. बायकोनं दारात बजावलेलं पाळलं. चहा येताच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांची चिठ्ठीही पुढं ठेवली.

ते सज्जन गृहस्थ आहेत. बराच वेळ चिठ्ठी वाचत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"एक डॉक्टर, एक सिस्टर आणि सहा बायका," मी म्हणालो. "म्हसवडच्या एका न्हाव्यानं मोजलंय, पण त्याला कळलेलं नाही."

ते हसले नाहीत. मला दारापर्यंत पोचवायला आले. चप्पल घालताना मागं वळून पाहिलं, तर मोलकरीण माझी कपबशी मोरीकडे न नेता परसातल्या धुण्याच्या दगडावर वेगळी ठेवत होती. तो दगड मी लगेच ओळखला.

साताऱ्यात पोचून आठ दिवस होतात तोच पत्र आलं. पत्रिकेत नव्यानं एक दोष सापडला होता. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तेलाची वाटी घेऊन आली, मला पाटावर बसवलं आणि पाठ चोळू लागली. फऱ्याखाली हात थांबला. "इथं कळतं?"

"नाही."

"मग इथं जास्त लावते," ती म्हणाली.

मुलीनं पत्र वाचून घडी घातली. "फोटोतसुद्धा घाबरलेलाच दिसत होता," एवढंच म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, पण स्वयंपाक आधीच झाला होता.

पुन्हा वाडी

शाळा उघडण्यापूर्वी सिस्टर पेट्या वाटायला निघाल्या, तेव्हा मीही गेलो. माझ्या गोळ्या साताऱ्यातही मिळाल्या असत्या. पण मला तिथं जायचं होतं.

मेंढरं परतली होती. सगळी वाडी लोकरीच्या आणि लेंड्यांच्या उबदार वासानं भरलेली. शाळेच्या पायरीवर पेटी ठेवली, समोर म्हातारे बसले, मागं बायका. बिरा डोळे ताणून पाहावं लागेल इतक्या लांब, दगडाशी उभा. सिस्टरनी सांगितलं, की आजपासून तानूबाई त्याला गोळी देईल, आणि आजपासून त्याला घरात घ्यावं. पंचांतला थोरला म्हातारा काठीनं मातीत रेघा ओढत राहिला.

मग मी उभा राहिलो. सदरा काढला. "मलाही तोच रोग आहे," म्हणालो. "तुमच्या परातीत मी रोज जेवलो. तुमच्यातल्या कुणाला काही झालं का?"

म्हाताऱ्यानं मला खालून वर पाहिलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "लय झ्याक सोंग करतंय बग. मागं जुलाबाचं बी आसंच केलं हुतं."

सगळी वाडी हसली. जन्मभर मी टाळ्यांसाठी घाम गाळला; खोटं सांगितलं तेव्हा लोक रडले आणि आता खरं सांगत होतो तर हसत होते. माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. मी सदरा हातात घेऊन उभा राहिलो.

तानूबाई पेटीजवळून उठली.

"नाना," ती म्हाताऱ्याला म्हणाली, "सोंग न्हाई. म्या वळकलंय."

हसू थांबलं. मेंढरू आजारी आहे असं ती म्हणाली आणि ते नव्हतं, असं त्या वाडीत कधी झालं नव्हतं. माझ्या शपथा तिथं कुणी विकत घेतल्या नसत्या. तिची दोन वाक्यं पुरली. म्हातारा काठीवर रेलून उठला, माझ्यामागं आला आणि खरखरीत अंगठा फऱ्याखाली दाबून बघू लागला असावा; मला त्याचा नुसता श्वास लागत होता.

"परातीत जेवला व्हय रं ह्यो?" त्यानं विचारलं.

"रोज," कुणीतरी म्हणालं.

म्हातारा परत जाऊन बसला. काठीनं मातीतल्या रेघा पुसत म्हणाला, "ताट येगळं ऱ्हाऊ द्या. पर घरी येऊ द्या त्येला."

सिस्टर काही बोलणार होत्या. तानूबाईनं मानेनं नको म्हटलं. ताटाचं ती पुढं बघणार होती.

तिनं पेटी उघडली, दोन गोळ्या तळहातावर घेतल्या आणि ताल ओलांडून दगडाशी गेली. मी मागोमाग गेलो. बिरानं पितळेचा लोटा भरून आणलाच होता. तो या वेळी मागं सरला नाही, आणि मीही पुढं जायचा थांबलो नाही.

"आज उपास न्हाई का, पाव्हनं?" त्यानं विचारलं.

"सुटला," मी म्हणालो आणि लोट्याला हात घातला.

"आदी गोळी," तानूबाई म्हणाली, "मंग पानी." एक बिराच्या हातावर ठेवली, एक माझ्या. दोघंही एकाच लोट्यातलं पाणी प्यायलो. बिराला तिनं जाऊ दिलं. माझी हनुवटी मात्र कोकराची धरतात तशी दोन बोटांत धरून ती म्हणाली, "आ करा. जीब वर करा. मास्तरांचा भरवसा न्हाई."

मी आ केला.